अण्णांनी सोडलेलं जपानी कबूतर

अण्णा,

काल महेशचा गावाहून फोन आला. तुमचं सगळं नीट पार पडलं म्हणाला. मला आणि सईला येता आलं नाही. ऐनवेळी एकाच तिकिटाची सोय झाली, आणि जायचं तर मुलानेच जायला हवं होतं. फोन ठेवून मी कुकर लावला, सईचा डबा धुतला, आणि मग तिथेच स्वयंपाकघरात बसून राहिले. तुम्ही कधी भरती झालात, कुठे कुठे होतात, गावासाठी काय केलंत, हे तिकडे कोणीतरी उभं राहून सांगेलच. मला ते धड ठाऊकही नाही. मला ठाऊक आहेत ते तुमचे इथले, जपानात आमच्या ग्योतोकुच्या घरातले मुक्काम. पाहुण्याचा व्हिसा तीन महिन्यांचाच मिळायचा, म्हणून तुम्ही यायचात आणि जरा रुळलात की जायचात. सून म्हणून मी तुम्हाला ओळखते ती तेवढ्यातच.

पहिल्यांदा तुम्ही आलात ते माझ्यामुळे. हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, महेशनेच खूप नंतर सांगितलं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं होती. तोयोसुच्या ऑफिसांत पुण्या-मुंबईची मुलं भराभर येत होती, आणि तोझाई लाइनच्या लोकलमध्ये दर महिन्याला एखादा नवा मराठी आवाज कानावर पडायचा. पण ते सगळे आवाज सकाळी ऑफिसला निघून जायचे. महेश पहाटे जायचा तो सई झोपल्यावर परत यायचा. पुण्याला कॉलेजात शिकवणारी मी, इथे सकाळपासून कचरा वेगळा करत बसायचे: जळणारा, न जळणारा, बाटल्या, कागद. दुकानात तोंड उघडायची वेळ आली की नुसतं बोट दाखवायचे. तुम्हाला आम्ही फोनकार्डावरून फोन करायचो. एकदा तुम्ही विचारलंत, आज काय केलंस गं जेवायला, आणि मला ते सांगताच येईना. रडूही आलं नाही, नुसती वाचा बसली. तुम्ही म्हणालात, महेशकडे दे.

त्याआधी महेश तुम्हाला दोनदा बोलावून थकला होता. त्या देशात माझं काय काम, असं म्हणून तुम्ही विषय संपवायचात. तरुणपणी तुम्ही जपान्यांविरुद्ध लढला होतात, एवढंच घरात माहीत होतं. त्या रात्री मात्र तुम्ही लेकाला तिकीट पाठवायला सांगितलंत.

आलात तेव्हा ऑक्टोबर होता. डोक्याला कानटोपी, अंगात तो खाकी स्वेटर. पहिल्या आठवड्यात तुम्ही कचऱ्याचं वेळापत्रक पाठ केलंत आणि ते काम माझ्या हातून काढून घेतलंत. दुपारी आपण सईला ढकलगाडीत घालून नदीकडे फिरायला जायचो. असंच एकदा जाताना एका जुन्या दुमजली घरापाशी तुम्ही थबकलात. गच्चीवर जाळीची खोली होती, आणि एक म्हातारा पत्र्याचा डबा खुळखुळवत वर बघत होता. आकाशात कबुतरांचा थवा वळला आणि एकेक करून खाली उतरला. सई ओरडली, “हातो!” तुम्ही मला विचारलंत, काय म्हणतेय ही. मी म्हटलं, इथे कबुतराला हातो म्हणतात. तुम्ही तो शब्द दोनदा उच्चारलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही एकटेच गेलात. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी दुकानातून परत येताना सहज वर पाहिलं, तर तुम्ही त्या परक्या माणसाच्या गच्चीवर, बाह्या दुमडून, पत्र्याने कबुतरांची विष्ठा खरवडत होतात. मी जिना धावत चढले आणि ‘सुमिमासेन, सुमिमासेन’ म्हणून कमरेत वाकतच राहिले. क्षमा मागण्यापलीकडे मला फारसं येत नव्हतं. तो म्हातारा हसत होता. सायकल दुरुस्तीचं दुकान आयुष्यभर चालवून आता घरी बसलेले ओकादा-सान ते हेच. ते तुमच्याकडे बोट दाखवून मला काहीतरी सांगत होते, आणि त्यातला एकच शब्द मला कळला: ओतोसान. म्हणजे वडील. पुढे सगळी वर्षं त्यांनी तुम्हाला त्याच नावाने हाक मारली.

त्या रात्री जेवताना, तुम्ही सैन्यात कबुतरं सांभाळायचात हे ऐकून महेश चकित झाला. त्याला वाटत होतं तुम्ही निरोप पोचवणाऱ्या सिग्नल तुकडीत होतात. तुम्ही म्हणालात, सिग्नलच ते. डोंगरातल्या ओलीने वायरलेस बंद पडायचा, तारा तोडल्या जायच्या, मग उरायची ती पाठीवरच्या बांबूच्या पेटाऱ्यातली कबुतरं. पातळ कागदावर निरोप लिहायचा, गुंडाळी करून पायाच्या नळीत घालायची आणि सोडायचं. ते आपल्या ढाबळीकडे, राहत्या खुराड्याकडे परत जायचं, आणि ढाबळ होती छावणीत. पेटारा वाहायचा, दाणा द्यायचा, आजारी पाखरू वेगळं काढायचं, हे तुमचं काम. तीस-पस्तीस वर्षं ज्या मुलाला तुम्ही वाढवलंत, त्याला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. त्याने विचारलं, आधी का नाही सांगितलंत? तुम्ही म्हणालात, तू कधी कबूतर पाहिलंस?

त्याच रात्री आपला पहिला वाद झाला. मी म्हटलं, ही तर फसवणूक झाली. पाखराला घराची ओढ असते म्हणून त्याला घरापासून लांब न्यायचं, आणि त्या ओढीवर आपली लढाई चालवायची. त्याला काय कळतंय कोण कोणाशी लढतोय. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात आणि म्हणालात, “मी तरी कशावर चालत होतो, पोरी? घरी जायचं म्हणूनच ना.” मला ते पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही.

मग आपलं रोजचं जाणं सुरू झालं. तुम्हाला जपानी येत नव्हतं, ओकादा-सानना मराठी काय, इंग्रजीही येत नव्हतं. सुरुवातीला तुमचं दोघांचं माझ्यावाचून काही अडत नव्हतं. चोच उघडून बघायची, पंख पसरून बघायचा, मान हलवायची. पण मग दोघांनाही जास्त बोलायचं होतं, आणि मधे मी. घरभाडं, बँक, डॉक्टर यांचे जपानी शब्द येण्याआधी मी कबुतराच्या अंड्याचा, पिल्लाचा, पिसं झडण्याचा शब्द शिकले. चुकले की ओकादा-सान हळू बोलून पुन्हा सांगायचे, आणि तुम्ही मधेच विचारायचात, काय म्हणतोय तो, काय म्हणतोय? वर्षभरात पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होतं.

नोव्हेंबरातली ती दुपार तुम्हाला आठवत असेल. आपण त्यांच्या खालच्या खोलीत चहा पीत होतो, सई चटईवर झोपली होती. ओकादा-साननी विचारलं, ओतोसान कबुतरांचं सगळं कुठे शिकले? मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, सांग, बर्मात, लढाईत.

मी म्हटलं, अण्णा, तुम्ही सैन्यात होतात एवढंच सांगते.

तुम्ही कप खाली ठेवलात. “मेधा, या माणसाच्या घरात बसून चहा पितोय मी. जे आहे ते सांग.”

मी सांगितलं. बर्मासाठीचा ‘बिरुमा’ हा शब्द मला येत होता. मग ओकादा-साननी जे सांगितलं ते मला पुन्हा पुन्हा विचारून समजून घ्यावं लागलं. ही ढाबळ त्यांच्या मोठ्या भावाने बांधलेली होती. लढाईच्या काळात सैन्याची माणसं आली आणि उत्तम कबुतरं निवडून घेऊन गेली. भावालाही घेऊन गेली, कबुतरांची राखण करायला. ओकादा-सान तेव्हा शाळेत होते. उरलेल्या पाखरांना दाणा टाकायला ते रोज गच्चीवर जायचे आणि आकाशाकडे बघायचे. समुद्रापलीकडून कबूतर परत येत नाही हे त्यांना कळत होतं, तरी बघायचे. शेवटी भाऊ बर्मात वारल्याची बातमी आली आणि मागोमाग पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी आली. पेटीत अस्थींऐवजी एक दगड होता.

मी हे तुम्हाला मराठीत सांगत होते. तुम्ही मात्र समोरच्या माणसावरची नजर काढली नाहीत. मला वाटलं आता ते लढाईचं विचारतील. तुम्ही कुठे होतात, गोळी चालवलीत का, असं काहीतरी. ओकादा-साननी विचारलं, तिकडे पाऊस कसा पडतो?

तुम्ही किती वेळ पावसाबद्दल बोललात! डोंगर कसा अंगावर येतो, चिखलात गुडघ्यापर्यंत पाय कसा रुततो, दाण्याला बुरशी कशी येते आणि तो तव्यावर परतून पाखरांना कसा घालावा लागतो. जळवांसाठी मला शब्द आला नाही. तुम्ही पोटरीवर बोट चिकटवून दाखवलंत, तर ओकादा-सान म्हणाले, हिरु. मला हिरु म्हणजे दुपार एवढंच ठाऊक होतं. ते एकेक गोष्ट ऐकत होते आणि मान हलवत होते, जणू भावाची खोली कोणीतरी त्यांना दाखवत होतं.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. आमची कबुतरं पाहिलीत का तुम्ही?

तुम्ही म्हणालात, एक पाहिलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी एका संध्याकाळी ते तुमच्या ढाबळीच्या छपरावर येऊन बसलं होतं. थकलेलं, भुकेलेलं. दाणा दाखवल्यावर आत आलं. पायात कडी होती, कडीवर तुम्हाला न वाचता येणारी अक्षरं, आणि नळी. नळी साहेबाने काढून घेतली आणि पाखराची मान मुरगाळायला सांगितली, कारण सोडलं तर ते शत्रूकडेच परत जाणार. तुम्ही हवालदाराच्या हातापाया पडलात. तो म्हणाला, ठेव, पण तुझ्या जबाबदारीवर, आणि बंद पेटीत. तुम्ही त्याला पावसाळाभर सांभाळलंत. ते खायचं, प्यायचं, पण सदा जाळीच्या एकाच बाजूला तोंड करून बसायचं. पेटी फिरवून ठेवली तरी ते पुन्हा त्याच दिशेला वळायचं.

पुढे जपानी फौज मागे हटली आणि तुमची पलटण त्याच माघारीच्या रस्त्याने पुढे गेली. रस्त्यावर काय पाहिलंत ते तुम्ही ओकादा-सानना सांगितलंत, कमी न करता आणि वाढवूनही नाही. गोळीने मेलेले थोडे होते. बाकीचे भुकेने आणि तापाने, झाडांना टेकून बसल्या जागी गेलेले. तुमच्याच वयाची पोरं. त्या रस्त्यावरून परत आल्यावर तुम्ही पेटी उघडलीत आणि ते कबूतर सोडून दिलंत.

“ते बघून आल्यावर त्याला कोंडून ठेवायचं काही कारण उरलं नाही,” एवढंच तुम्ही म्हणालात. मी तेवढंच भाषांतर केलं.

ओकादा-साननी पाखराचा रंग विचारला. तुम्ही म्हणालात, निळसर, पंखावर दोन पट्टे, असतात तशी. ते यांच्याच ढाबळीतलं असेल असं तुम्ही सुचवलं नाहीत, त्यांनीही तसं मनात आणलेलं दिसलं नाही. दिलासा म्हणून खोटं बोलायची ती उत्तम जागा होती, आणि तुम्ही दोघांनीही ती सोडून दिलीत. मग ते उठले, आपल्याला दारापर्यंत सोडायला आले, वाकले, आणि दार लागलं.

नंतर कितीतरी दिवस ते दार उघडलं नाही. सकाळी थवा आकाशात फिरायचा, डबा खुळखुळायचा, पण आपण गेलो की गच्चीवर कोणी नसायचं. मी तुमच्यावर चिडले होते. मी म्हटलं, एक माणूस मिळाला होता तुम्हाला इथे बोलायला, आणि मलाही. कशाला सांगायचं सगळं? तुम्ही म्हणालात, त्याने विचारलं म्हणून. मग मी त्या कबुतराचंच काढलं. त्याचं घर उरलं नाही हे तुम्हाला माहीत होतं. फौजच राहिली नव्हती तर ढाबळ कुठून असणार? तरी सोडलंत. हा कसला दयाळूपणा?

“मला माहीत होतं. त्याला कुठं माहीत होतं?” तुम्ही म्हणालात. “त्याला जाऊन बघायचं होतं. मी कोण अडवणारा?”

मी म्हटलं, तुमच्या ढाबळीत जोडी लावून दिली असती तर राहिलं असतं. तुम्ही मान्य केलंत. जोडी लावली, पिल्लं झाली की जुनं कबूतरही कधीकधी नवी ढाबळ आपली मानतं, म्हणालात. माझ्या डोक्यात काय आलं कोणास ठाऊक. मी विचारलं, हे माझ्याबद्दल चाललंय का? नवरा आहे, मुलगी आहे, आता मी इथेच बसावं, असं? तुम्ही गडबडून म्हणालात, अगं मी कबुतराचं बोलतोय. दुसऱ्या दिवसापर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही, आणि तुम्ही माझ्या वाटणीची भांडी घासून ठेवलीत.

त्यानंतरच्या शनिवारी ओकादा-सान आपल्या दारात उभे होते. हातात कागदी पिशवी. त्यांनी पिशवी पुढे केली आणि म्हणाले, काकी. सई हसत सुटली, कारण काकी तर पुण्यात राहते. पिशवीतल्या त्या नारिंगी, टोमॅटोसारख्या फळाला इथे तेच नाव आहे. हसणं थांबल्यावर ते मला म्हणाले की ओतोसानना सांगा, मी इतके दिवस भावाच्या फोटोसमोर बसून होतो, हे सगळं त्याला सांगत होतो, आणि त्याला सांगायला वेळ लागला. उद्या शर्यत आहे, सगळे या.

ती शर्यतीची सकाळ मी विसरणार नाही. उत्तरेकडे कुठेतरी लांब नेऊन पाखरं सोडली होती, आणि आपण गच्चीवर उभे होतो. थंडी, नदीवरचा वारा, तुमच्या कानटोपीची गाठ सईने सोडलेली. मला पहिल्यांदाच कळून चुकलं की अण्णा, तुम्ही स्वतः सोडलेलं पाखरू घरी उतरताना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतंत. तुम्ही पेटारा पाठीवर घेऊन पुढे जाणारे. पाखरू सोडलं की तुमचं काम संपायचं, ते पोचलं का हे तुम्हाला कधी दिवसांनी कळायचं, कधी कळायचंच नाही. आणि ओकादा-सान खाली उभे राहून वाट बघणारे. इमारतींच्या वरून एक ठिपका आला, पंख मिटून सरळ फळीवर उतरला, आणि ओकादा-साननी ते पाखरू उचलून आधी तुमच्या हातात दिलं. शर्यतीच्या घड्याळात नोंद करायची सोडून. तुम्ही ते छातीशी धरलंत. तुमचे डोळे भरून आले होते आणि तुम्ही ते पुसले नाहीत.

डिसेंबरात तुमचा व्हिसा संपत आला. मी महेशला सांगितलं की मला आणि सईला अण्णांबरोबर जायचं आहे, आणि परत कधी येईन ते सांगता येत नाही. घरात दोन दिवस वाईट गेले. महेशला वाटलं तुम्ही मला समजावाल. तुमच्या वयाच्या माणसांनी जे म्हणायचं असतं ते तुम्ही म्हणाल: संसार आहे, दिवस जातील, रुळशील. तुम्ही लेकाला म्हणालात, तिचं तिकीट माझ्या शेजारचं काढ, आणि परतीची तारीख तिला ठरवू दे.

मी पुण्याला गेले. माझ्या खोलीत भावाचा कॉम्प्युटर आला होता. कॉलेजात माझ्या जागी आलेली मुलगी छान शिकवत होती, तिने मला स्टाफरूममध्ये चहा पाजला. आईबाबांनी लाड केले, मैत्रिणी भेटल्या, आणि सगळेच प्रेमाने विचारत होते, किती दिवस आहेस? मग मी तुमच्याकडे गावी आले. तुम्ही तो प्रश्न विचारला नाहीत. एकदा अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो असताना मी म्हटलं, अण्णा, ओकादा-सानच्या पांढऱ्या मादीची अंडी फुटली असतील आता. तुम्ही म्हणालात, फुटली असतील. आणि शेंगा फोडत राहिलात. मी फेब्रुवारीत परतीची तारीख टाकली. तुम्ही का, कसं, काही विचारलं नाहीत. सुनेला असं मोकळं सोडणारा सासरा मी आमच्या नात्यागोत्यात दुसरा पाहिला नाही. त्याचे आभार मी मानले नाहीत, कारण तुमच्यासमोर आभार मानायला लागलं की तुम्ही उठून गुरांकडे जायचात.

पुढच्या खेपेला तुम्ही सईला सांभाळलंत, म्हणून मी नगरपालिकेच्या हॉलमधल्या फुकट जपानी वर्गाला जाऊ लागले. तुम्ही गेल्यावर तुमच्या जागी शनिवारी महेश बसू लागला. तेही तुम्ही ठरवून दिलं होतंत, त्याच्याच तोंडून वदवून. मला आधी बेकरीत पार्ट-टाइम काम मिळालं, मग तोयोसुच्या ऑफिसात. आता माझं काम हेच आहे: एका बाजूला आपली इंजिनीअर मुलं, दुसऱ्या बाजूला जपानी क्लायंट, मधे मी. मुलाखतीत विचारलं होतं, जपानी कुठे शिकलात? मी म्हटलं, एका गच्चीवर. त्यांना विनोद वाटला.

गेल्या वर्षी तुम्ही शेवटचे आलात तेव्हा जिना चढताना दोनदा थांबत होतात. ओकादा-सानही आता वाकले आहेत. नव्या इमारतीतले लोक तक्रार करतात म्हणून त्यांनी पाखरं कमी केली. तुम्ही दोघं गच्चीवर खुर्च्या टाकून बसायचात. सई आता मोठी झाली, तुमचं मराठी ऐकून ओकादा-सानना तीच जपानीत सांगायची. मी त्यांच्या खालच्या खोलीत भाजी चिरत ऐकायचे आणि एखादा शब्द चुकला तरी मधे पडायचे नाही. आपला वाद तेव्हाही सुरूच होता. मी म्हणायचे, ते कबूतर बिचारं कुठे गेलं असेल. तुम्ही म्हणायचात, गेलं की. मी एकदा खोदून विचारलं, कुठल्या बाजूला? तुम्ही हात वर करून दाखवलंत. छावणीवर घिरट्या घेतल्या, आणि मग पूर्वेला, तिथल्या नदीकडे, त्या माघारीच्या रस्त्याच्या वरून. दिसेनासं होईपर्यंत तुम्ही उभे होतात. ओकादा-साननी मात्र हे तुम्हाला कधी विचारलं नाही, आणि तुम्ही आपणहून सांगितलं नाहीत.

आज सकाळी मी त्यांना तुमची बातमी द्यायला गेले. ते गच्चीवरच होते. ऐकून त्यांनी टोपी काढली आणि खुर्चीवर बसले. दुसरी खुर्ची रिकामी होती, तिच्यावर मी बसले नाही. तुम्हाला त्रास झाला का, जवळ कोण होतं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, झोपेत गेले, थोरल्या वन्सं जवळ होत्या. मग इतक्या वर्षांत न विचारलेलं त्यांनी विचारलं: ओतोसाननी सोडलं ते कबूतर कुठल्या दिशेला गेलं?

मी सांगितलं. पूर्वेला. नदीकडे. माघारीच्या रस्त्यावरून.

ओकादा-सान हळूहळू बोलू लागले. त्यांचा भाऊ त्याच रस्त्यावर कुठेतरी राहिला, असं त्यांना परत आलेल्या एका माणसाने सांगितलं होतं. त्याला कोणी पुरलं नाही, कोणी शेवटचं पाहिलं नाही. आई शेवटपर्यंत एकच म्हणत गेली, की तिच्या मुलाकडे घरचं कोणी गेलं नाही. “ते कबूतर कोणत्या ढाबळीचं होतं कोण जाणे,” ते म्हणाले. “पण इथून गेलेलं होतं. म्हणजे माझ्या भावाच्या वरून कोणीतरी गेलं. घरचं म्हणावं असं कोणीतरी.” मग ते खुर्चीवरून उठले, तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले आणि कमरेत पूर्ण वाकले. ओतोसानना एवढं सांगा, म्हणाले. मी म्हटलं, ओकादा-सान, अण्णा आता नाहीत. ते म्हणाले, हो, सांगा.

म्हणून हे लिहिलं, अण्णा. तुमच्या-त्यांच्यामधलं मी केलेलं हे शेवटचं भाषांतर, आणि मी त्यात थोडी अडखळते आहे. ते म्हणाले, “आरिगातो गोझाइमाशिता.” जपानीत आभारालाही भूतकाळ असतो. पूर्वी कधीतरी कोणी काही केलं, ते पूर्ण झालं, पोचलं, आणि ज्याला पोचलं तो आता मान लववतो आहे, एवढं सगळं त्या एका रूपात येतं. मराठीत तसं रूप नाही. मी नुसतं एवढंच लिहिते की ओकादा-सान तुमचे आभार मानतात. आणि त्यांच्या मागे उभी राहून, तुम्ही उठून जाऊ शकत नाही म्हणून, मीही मानते.

तुमची,
मेधा